जैतुनाच्या बागेत तीन दिवस

मागे रमजानच्या अंकात आम्ही खजुरांवर लिहिलं होतं, तेव्हा लातूरच्या एका भगिनीचं पत्र आलं. "खजूर झाडावर लागलेला पाहिलाय, पण जैतून कसा लागतो हो? आमच्याकडे तो बाटलीतच उगवतो." वाचून आम्ही आधी हसलो आणि मग गप्प बसलो, कारण आमचीही गत तीच होती. सूरह तीन आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणीच पाठ होते आणि तिच्या सुरुवातीलाच अंजीर आणि जैतुनाची शपथ आहे. घरात बाळ जन्माला आलं की मालिशसाठी जैतुनाच्या तेलाचा छोटा डबा येतो. झाड मात्र साठी उलटली तरी पाहिलेलं नव्हतं.

नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे की या सदरातले 'आम्ही' म्हणजे दोघं मियाँबीबी, एक एस.टी.तून निवृत्त, दुसरी शाळेतून. निवृत्तीनंतर फिरायचं, पण नुसतं बघत फिरायचं नाही, जिथे जाऊ तिथलं काही काम करून बघायचं, असं आम्ही ठरवलं होतं. त्या ठरवण्याचं पुढे काय झालं, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आमची भाची तुर्कस्तानात इझमीरला शिकते. तिच्या मैत्रिणीचं आजोळ आयवालिकजवळच्या एका खेड्यात. तिथे आजीची जैतुनाची बाग आहे आणि नोव्हेंबरात तोडणी असते. भाचीने सहज विषय काढला तर आजीने निरोप धाडला, "येऊ दे तुझ्या मामू-मुमानीला. तोडणीला चार हात जास्त." आम्हाला एवढंच हवं होतं. मजुरी घ्यायचा प्रश्न नव्हता, पर्यटक म्हणून गेलेल्याला ती घेताही येत नाही. घरचं खाणं, घरचं राहणं आणि तीन दिवस झाडाखाली. भेट म्हणून काजूगर, आंबापोळी आणि दोन दुपट्टे घेऊन आम्ही निघालो.

इझमीरहून उत्तरेला दीडशे किलोमीटरवर आयवालिक. बस चांगली होती, त्याबद्दल जास्त लिहीत नाही (आमच्यातल्या एकाने ड्रायव्हरच्या गिअर टाकण्यावर संपूर्ण रस्ताभर टिप्पणी केली, तीही इथे देत नाही). बर्गामाच्या पुढे दोन्ही बाजूंना जैतूनच जैतून सुरू झाला. लांबून बघितलं तर डोंगरावर धुरकट करडा रंग फासल्यासारखा. पान वरून हिरवं आणि खालून चंदेरी, वारा आला की सगळा डोंगर कूस बदलतो. आपल्याकडच्या आंब्याच्या गर्द हिरव्याची सवय असलेल्या डोळ्यांना ही झाडं आधी आजारी वाटतात. दुसऱ्या दिवसापर्यंत तसं वाटेनासं होतं.

आयवालिक गावात शिरलं की समुद्राकाठी विटांची उंच धुराडी दिसतात. ते जुने तेलाचे आणि साबणाचे कारखाने, बहुतेक आता बंद. गल्लीबोळात दगडी घरं, ग्रीक धाटणीची. जुम्याच्या नमाजला आम्ही ज्या मशिदीत गेलो तिला 'घड्याळवाली मशीद' म्हणतात. आत शिरताच लक्षात आलं की ही इमारत मशीद म्हणून बांधलेली नाही. ती एकोणिसाव्या शतकातलं ग्रीक चर्च आहे. गावात अशी आणखीही एक मशीद आहे, अंगणात चिनार असलेली.

याचं कारण 1923 मध्ये आहे. त्या वर्षी 30 जानेवारीला लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात करार झाला, लोकांच्या अदलाबदलीचा. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात. भाषा विचारली नाही, फक्त धर्म विचारला. सुमारे 12 लाख इकडून तिकडे आणि साडेतीन-चार लाख तिकडून इकडे. त्यातले 12 लाख बरेचसे कराराच्या आधीच युद्धात परागंदा झालेले होते. आयवालिकचे ग्रीक गेले आणि त्यांच्या रिकाम्या घरांत क्रीट बेटावरचे आणि समोर दिसणाऱ्या मिदिल्ली बेटावरचे मुसलमान येऊन राहिले. क्रीटहून आलेल्या कितीतरी जणांना तुर्की बोलताच येत नव्हतं. ते ग्रीक बोलत आणि नमाज पढत. फाळणीच्या गोष्टी ऐकत मोठे झालेल्या आम्हाला हे समजायला वेळ लागला नाही.

आजीला सगळे 'तेयझे' म्हणत होते, म्हणजे मावशी, आपली खाला. आम्हीही तेयझेच म्हणू लागलो. त्यांच्या यजमानांना 'अमजा', म्हणजे चाचा. तेयझे सत्तरीच्या, ठेंगण्या, फुलाफुलांची शालवार आणि डोक्याला रुमाल. त्यांची आजी क्रीटहून बोटीने आली होती. पहिल्या दिवशी बागेत शिरताना आम्ही कौतुकाने म्हणालो, "माशाअल्लाह, तुमच्या वाडवडिलांनी काय झाडं लावलीत!" भाचीने तुर्कीत सांगितलं. तेयझे म्हणाल्या, "आमच्यांनी नाही लावली. ज्यांनी लावली ते गेले. आमच्यांनी लावलेली तिकडे राहिली." आणि हातात एक दाताळं दिलं. प्लॅस्टिकचं, छोट्या मुलांच्या खेळण्यातलं असावं तसं. कौतुक तिथेच संपलं, काम सुरू झालं.

कामाचं सांगायचं तर असं. झाडाखाली मोठी जाळी पसरतात, दोन झाडांच्या जाळ्या एकमेकींवर थोड्या चढवून, म्हणजे मधल्या फटीतून फळ मातीत जात नाही. खालच्या फांद्या दाताळ्याने विंचरायच्या, पोरीचे केस विंचरावेत तशा, मुळाकडून टोकाकडे. फळं टपटप जाळीवर पडतात. वरच्या फांद्यांसाठी अमजा आणि त्यांचा जावई लांब दांड्याचं बॅटरीवर चालणारं यंत्र फिरवतात. त्याची बोटं थरथरतात आणि फळं पावसासारखी पडतात. पूर्वी काठीने झोडपत. अमजा म्हणाले, काठीने फळाबरोबर कोवळी डहाळी तुटते आणि पुढच्या वर्षीचं फळ त्याच डहाळीवर यायचं असतं. झाड एक वर्ष भरभरून देतं, एक वर्ष हात आखडतं. भरल्या वर्षाला ते 'वार' म्हणतात, म्हणजे आहे. रित्या वर्षाला 'योक', म्हणजे नाही. आम्ही म्हणालो, आमचा हापूसही असाच वर्षाआड धरतो. अमजांनी मान डोलावली. आमची ओळख खरी तिथे झाली. हे वर्ष त्यांचं योक होतं.

फळाचे रंग एकाच फांदीवर तीन, हिरवा, जांभळा, काळा. आमच्यातल्या एकाने चांगलं काळंभोर पाहून एक तोंडात टाकलं. कडुलिंबाचा काढा परवडला! जाळीपलीकडे जाऊन थुंकलं तरी जोहरपर्यंत जीभ ताळ्यावर आली नाही. सगळे मनसोक्त हसले. झाडावरचा जैतून खाताच येत नाही. हिरवा असेल तर दगडाने ठेचून रोज पाणी बदलत बरेच दिवस भिजवतात, मग मिठाच्या पाण्यात मुरवतात. बाजारातला काळा जैतून आपण जो खातो तोही असा कडूपणा काढूनच आलेला असतो. लातूरच्या भगिनींनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी चूक आमच्यातल्या दुसरीची. फोटो नीट यावा म्हणून ती मागे सरकली ती थेट भरल्या जाळीवर. पायाखाली पाचपन्नास फळं फुटली. अमजा काही बोलले नाहीत. फक्त वाकले, फुटलेली फळं वेचून बाजूला टाकली. फुटलेलं फळ लगेच आंबायला लागतं आणि तेलाची आम्लता वाढवतं. सगळ्यात चांगल्या तेलात ती शेकडा 0.8 च्या वर जाऊन चालत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणूनच फळ पोत्यात कोंबत नाहीत, हवा खेळेल अशा क्रेटमध्ये भरतात, आपल्या आंब्यासारखंच, आणि शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घाण्यावर नेतात. त्यानंतर फोटो काढायचा झाला की आम्ही जाळीबाहेर जायचो.

बाग दहा दोनुम, म्हणजे आपले अडीच एकर, नव्वदेक झाडं. आम्ही दोघं, भाची, तिची मैत्रीण, तेयझे, अमजा, जावई. आणि दोन मजूर बायका. तोडणीच्या टोळीला तिकडे 'तायफा' म्हणतात. आपला ताफा त्याचाच भाऊ. टोळ्या पुरवणाऱ्या मुकादमाला 'दायीबाशी'. दायी म्हणजे मामा. मामांचा मुखिया! शब्द इतका मायेचा आणि काम मात्र मजुरीतून आपला हिस्सा काढून घेण्याचं. कामावर असलेल्याला येणारा-जाणारा 'कोलाय गेल्सिन' म्हणतो, म्हणजे काम सोपं जावो. तोडणी चालू असेल तर 'बेरेकेतली ओल्सुन', बरकत होवो. रस्त्याने जाणारा ट्रॅक्टरवालासुद्धा ओरडून म्हणून जाई. हवा, दुनिया, साबुन, हिसाब, हमाल, असे ओळखीचे शब्द कानावर पडत आणि आम्हाला वाटे, आणखी आठवडाभर राहिलो तर तुर्की येईल. आली नाही.

दुपारी झाडाखालीच दस्तरखान. पाव, पांढरं चीज, टोमॅटो, गेल्या वर्षीचा मुरवलेला जैतून, आणि क्रीटवाल्यांची खासियत म्हणजे रानभाज्या. नुसत्या उकडलेल्या, वर लिंबू आणि भरपूर तेल. आमच्या टाकळा-कुरडूची आठवण झाली. तेल एवढं ओततात की सुरुवातीला छाती दडपते. दोन मजूर बायका जरा बाजूला बसून आपापला डबा खात होत्या. तेयझेंनी हाक मारली तेव्हा चहाला आल्या.

पहिल्या रात्री पाठ धरली. चाळीस वर्षं एस.टी. आणि शाळा केलेल्या शरीराला वर बघून काम करायची सवय नसते. चुलीशेजारी बसून अमजा बोलत होते, जैतुनाच्या कायद्याबद्दल. तुर्कस्तानात 1939 पासून जैतुनाच्या झाडाचं रक्षण करणारा खास कायदा आहे. बागेच्या तीन किलोमीटरच्या आत झाडाला बाधेल असा धूर, धूळ सोडणारा कारखाना काढता येत नाही. तरीही 2014 च्या नोव्हेंबरात सोमाजवळच्या यिरजा गावात कोळशाच्या वीजकेंद्रासाठी सहा हजारांच्या आसपास झाडं एका रात्रीत पाडली गेली. कोर्टाने काम थांबवल्याचा निकाल गावकऱ्यांच्या हातात पडला तोवर झाडं आडवी झाली होती. आणि आता 2025 च्या जुलैत संसदेने कायदा केला की विजेसाठी लागणाऱ्या कोळशाच्या खाणी जैतुनाच्या बागांतही खोदता येतील, झाडं उपटून दुसरीकडे लावायची. "शंभर वर्षांचं झाड," अमजा म्हणाले, "दुसरीकडे!" आम्ही त्यांना बारसूच्या कातळावरची 2023 मधली आंदोलनं सांगितली. भाचीला दोन्हीकडचं भाषांतर करता करता जांभया यायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाच्या वेळी त्या दोन बायकांतली एक, आमच्या मोठ्या मुलीच्या वयाची असेल, भाचीशी काहीतरी बोलली. हसत हसतच बोलली. भाचीने आम्हाला सांगितलं नाही. आम्ही विचारलं तर म्हणाली, "काही नाही, मुमानी." पुन्हा विचारलं तेव्हा सांगितलं. ती बाई विचारत होती, हे तुझे मामू-मुमानी पैसे घेतात का? नाही म्हटल्यावर म्हणाली, "गेल्या वर्षी आम्ही चौघी यायचो इथे. या वेळी दायीबाशी म्हणाला, तिथे पाहुणे येणार आहेत, दोघीच जा. माझी जाऊ आणि शेजारीण घरी बसल्यात."

चार हात जास्त, असा निरोप होता. ते जास्त नव्हते, बदली होते.

त्यानंतर दाताळं चालवताना आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. गंमत अशी की हात तेव्हा कुठे नीट बसायला लागला होता. आदल्या दिवसाच्या दीडपट क्रेट भरले. आणि जेवढे जास्त भरत होतो तेवढं बरं वाटत नव्हतं. आमच्यातल्या एकाने मधेच भाचीला बाजूला घेतलं, म्हणाला, "त्या दोघींची तीन दिवसांची मजुरी आपण देऊ. तू विचार तेयझेंना." भाचीने सरळ नकार दिला. "मामू, हे मी नाही बोलणार. पाहुण्याने खिशात हात घातला तर या घरात त्याच्याइतका अपमान दुसरा नाही. आणि तुम्ही इथे काम करायला आलात, तुम्हीच कामाला पैसे देणार?" तिचंही खरं होतं.

संध्याकाळी ट्रॅक्टरवर क्रेट लादून घाण्यावर गेलो. दोन दिवसांचं मिळून 640 किलो भरलं. घाणा म्हणायचं इतकंच, सगळी स्टीलची यंत्रं. आधी पंख्याने पानं उडवतात, मग फळ धुतात, मग आठळीसकट दळून त्याचा लगदा करतात. तो लगदा कणकेसारखा बराच वेळ मळत राहतात, फार गरम होऊ न देता, म्हणजे तेलाचे थेंब एकमेकांना भेटतात. मग वेगाने गरगरणाऱ्या पिंपात तेल एकीकडे, चोथा आणि काळं पाणी एकीकडे. चोथा वाळवून जळणाला जातो. काळ्या पाण्याचं मात्र तिथेही दुखणं आहे, ओढ्यात सोडलं तर ओढा मरतो. बाकी वास असा की सांगता येत नाही, ताज्या कापलेल्या गवताचा म्हणावा तर त्याहून तिखट. नळीतून पहिली धार आली ती पोपटी-हिरवी. तेयझेंनी पावाचा तुकडा धारेखाली धरला आणि आधी आमच्या हातात दिला. घशाशी ठसका लागला. ठसका लागला म्हणजे तेल चांगलं, असं ते समजतात.

सव्वाशे लिटरच्या आसपास तेल निघालं. पाच किलोला एक लिटर, असा साधारण हिशेब. लवकर हिरवं असताना तोडलं तर याहून बरीच जास्त फळं लागतात. घाणेवाल्याने पैसे घेतले नाहीत, तेलातला दहावा हिस्सा घेतला. त्या हिश्श्याला म्हणतात 'हक'. मग तेयझेंनी उरलेले डबे मोजून त्यातून तेवढंच तेल पुन्हा बाजूला काढलं. हे कुणाचं, आम्ही विचारलं. म्हणाल्या, "ऑशुर."

उशर! आकाशाच्या पाण्यावर पिकलेल्या पिकाचा दहावा भाग, स्वतः पाणी देऊन पिकवलं तर विसावा. अमजा म्हणाले, आधी मजुरीचा आणि घाण्याचा खर्च वजा कर, मग काढ. तेयझेंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि झाकणं लावली. हे भांडण दरवर्षीचं असावं, कारण जावई हसत होता.

तिथे आम्हाला आपलं ज्ञान दाखवायची हौस आली. म्हणालो, आम्ही कोकणातले शाफई. आमच्या मजहबात जैतुनावर उशर नाही, साठवून ठेवता येणाऱ्या धान्यावर, खजुरावर, मनुक्यांवर आहे. आंब्यावरही नाही. तुम्ही हनफी, म्हणून तुमच्याकडे जैतुनावर आहे. भाचीने नीट भाषांतर केलं. तेयझेंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आंब्याची झाडं आहेत तुमची?"

आहेत. आमच्या अब्बांनी लावलेली, काही त्यांच्याही आधीची. एकूण बेचाळीस. नोकरीमुळे आम्ही गावात राहिलो नाही, म्हणून बरीच वर्षं बाग कराराने देतो. मोहोर पाहून बोली होते, पैसे बँकेत येतात.

"तोडतं कोण?"

नेपाळहून गडी येतात. रत्नागिरीकडे बहुतेक बागांत आता तेच आहेत. फवारणी, राखण, झेल्याने तोडणी, पेट्या भरणं, सगळं.

"किती देतात त्यांना?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं, ते कंत्राटदाराचं काम. ही बाई मात्र दोन जणी कमी बोलावून आलेली, पण कोणाला किती द्यायचे, यंत्रवाल्या पुरुषाला बाईपेक्षा किती जास्त आणि त्यातले दायीबाशी किती कापतो, हे लिरापर्यंत सांगत होती. आम्हाला आमच्या झाडांवर चढणाऱ्यांची नावंही ठाऊक नव्हती. अब्बांच्या काळी पहिली पेटी मशिदीत जायची, शेजारी पाटी जायची, आणि पडलेला आंबा पोरांचा, हा अलिखित नियम होता. आता करारात पडलेला आंबाही कंत्राटदाराचा. मागच्या मे महिन्यात आमच्याच चुलत बहिणीच्या नातवाला त्यावरून हटकलं होतं. तेव्हा आम्ही म्हणालो होतो, काय करणार, करार आहे.

हे सगळं आम्ही तेयझेंना सांगितलं नाही. पण विषय निघालाच होता म्हणून धीर करून त्या दोन बायकांचं विचारलं. त्यांनी लपवलं नाही. "हो, दोघी कमी सांगितल्या. योक वर्ष आहे. चौघींची मजुरी दिली तर या डब्यांतलं मला काय राहतं? तुम्ही येतो म्हणालात, मला बरं वाटलं." यात चूक काढायची तर कुठे काढायची? त्या पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या, आम्ही पेन्शनवरचे म्हातारे. फरक इतकाच की आमच्यासाठी ही सहल होती.

तिसऱ्या दिवशी पहाटेच दक्षिणेचा वारा सुटला. त्याला तिकडे 'लोदोस' म्हणतात. तो जोरात आला की फळ खाली झडतं, आणि जमिनीवर पडलेल्या फळाचं तेल हलकं. त्यामुळे घाई होती. साडेसातला ट्रॅक्टर आला आणि त्यातून चौघी उतरल्या. वाऱ्यामुळे बोलावल्या की रात्रीच्या बोलण्यामुळे, ते आम्ही विचारलं नाही आणि तेयझेंनी सांगितलं नाही. आमच्या हातातली दाताळी त्यांनीच काढून घेतली आणि आम्हाला क्रेटमधली पानं-काड्या निवडायला बसवलं. हे काम आम्हाला जमलं. तांदूळ निवडायची सवय कामाला आली. चौघी काय हात चालवत होत्या! एकीने एका फांदीला जितका वेळ घेतला तितक्यात आमची आदल्या दिवशी नुसती जागा ठरायची. जोहरनंतर त्या नव्याने आलेल्या दोघींनी आम्हाला चहा करायला लावला, आणि आमच्यातलीने इलायची घालून केला. त्यांना तो मुळीच आवडला नाही. साखरेच्या वड्या दाताखाली धरून कसाबसा संपवला, आणि मग त्यांच्यातलीनेच उठून दुसरा केला.

ज्या भगिनी-बंधूंना असं जायचं असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. ऑक्टोबरची अखेर ते डिसेंबर हा काळ, पकडीचे बूट आणि जुने कपडे, कारण जैतुनाचा डाग निघत नाही. हातमोजे न्या. आणि जाण्याआधी यजमानांना एक प्रश्न विचारा, जो आम्ही विचारला नाही: आम्ही आलो तर कोण येणार नाही?

शेवटचं झाड तीन वाजता झालं. जाळ्या गुंडाळल्या. अमजांनी प्रत्येक क्रेटवरून एकदा हात फिरवला. तेयझेंनी आमच्या हातात पाच लिटरचा डबा दिला. नको म्हणायची सोय नव्हती. मग त्यांनी आमचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "हक्किनिझी हेलाल एदिन." भाची म्हणाली, "निरोप घेताना इथे असंच म्हणतात, मुमानी. तुमचा माझ्यावर जो काही हक्क राहिला असेल, तो मला हलाल करा, माफ करा. तुम्ही 'हेलाल ओल्सुन' म्हणायचं, आणि मग त्यांच्याकडे तेच मागायचं." आम्ही म्हणालो, मागितलं. तेयझे रडल्या, आम्हीही रडलो.

असरची नमाज पढून बाहेर आलो तर ट्रॅक्टर वळणापलीकडे गेला होता. मागच्या ट्रॉलीत चौघी पाठीला पाठ लावून बसल्या होत्या, एकीचा रुमाल वाऱ्याने फडफडत होता. त्यांच्याकडे मागायचं राहूनच गेलं.

डिसेंबरात मोहोर पाहायला कंत्राटदार आला. बोली झाली, चहा झाला. मग आम्ही विचारलं, यंदा गडी कोण येणार, त्यांची नावं काय, त्यांना किती देणार? तो कप खाली ठेवून आमच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "का हो, भाईसाहेब? काही तक्रार आली का?"